ओढ्याच्या अलीकडची मणियारीण

ताजुन्निसाच्या हातात बांगडी कधी घाई करत नसे. समोरच्या बाईचा हात मांडीवर घेऊन ती आधी नुसता दाबत राही. अंगठ्याच्या मुळाशी, करंगळीच्या खाली, बोलता बोलता. बाई सासूची किंवा म्हशीची कागाळी सांगण्यात रंगली की काच मनगटावर कधी जाऊन बसली ते तिलाच कळत नसे. एखादी तडकलीच तर ‘वाढली’ म्हणायचं, आणि तिचं नुकसान मणियारणीनं सोसायचं. बोटांच्या पेरांपलीकडे जाईपर्यंत बांगडी मणियारणीची, पलीकडे गेली की घालणारीची. तिचे सासरे चांदभाई यांनी हा नियम तिला लग्नानंतर लगेच शिकवला होता आणि तो तिला कधी जड वाटला नव्हता.

त्यांचं घर चिंचवडला, पवना नदीकडच्या आळीत. तिचं माहेरही त्याच आळीत होतं. गावातल्या मराठी शाळेत ती तिसरीपर्यंत शिकली, आणि मग चार घरं ओलांडून सून झाली. टोपली डोक्यावर घेऊन ती थेरगावला जायची, पिंपळे सौदागरला जायची, लगीनसराईत पार हिंजवडी-मारुंजीपर्यंत. गावं मणियारांनी आपसात वाटून घेतलेली होती. ही गावं चांदभाईंच्या घराची. पोरीबाळी तिला लांबून ओळखायच्या, ‘ताजूबी आली’ म्हणत घरात पळायच्या.

सत्तावन्न साली मात्र ताजूबी कुठंच जात नव्हती. पिंपरीच्या वाटेवर एक ओढा होता. पावसाळा सोडला तर एका ढांगेत ओलांडता येईल एवढाच. अलीकडे चिंचवडची शीव, पलीकडे पिंपरीची, आणि काठावर शेंदूर लावलेला शिवेचा दगड. ती त्या दगडापर्यंत यायची आणि बाभळीखाली टोपली उतरवून बसायची. ज्यांना बांगड्या भरायच्या असतील त्या बायका ओढा ओलांडून यायच्या. ती ओलांडत नव्हती, कारण सरकारी कागदावर ती पाकिस्तानची होती आणि तिला राहायची परवानगी होती ती फक्त चिंचवडात.

हे कसं झालं ते तिला सांगता यायचं, पण सांगून झाल्यावर तिचाच त्यावर विश्वास बसत नसे.

तिचा नवरा फारूक. त्याचा थोरला भाऊ गुलजार फाळणीच्या साली कराचीला गेला आणि तिथं रेल्वेच्या कारखान्यात चिकटला. बावन्न सालच्या उन्हाळ्यात गुलजार फार आजारी असल्याचं कळलं. भावाला एकदा बघून यावं म्हणून फारूकनं परत येण्याचा दाखला काढला, मुलगी हसीना हिला चांदभाईंपाशी ठेवलं, आणि दोघं मुंबईहून जहाजात बसली. गुलजार बरा झाला. फारूक मात्र तिथंच तापानं फणफणला आणि आठवड्याच्या आत गेला.

ताजुन्निसा इद्दतीला बसली. नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस बाईनं घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, परक्या पुरुषासमोर यायचं नाही. हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. आत एक खोली होती, तिला पडदा होता. परत येण्याच्या दाखल्याची मुदत त्या खोलीत बसल्या बसल्या संपली. त्याच दिवसांत दोन्ही सरकारांनी जुने दाखले बंद केले आणि पासपोर्ट सुरू केले. गुलजार कचेरीत जाऊन आला आणि पडद्याबाहेरून म्हणाला, "जुना कागद आता चालत नाही. हिंदुस्थानचा मिळायला वर्ष जाईल, आणि मिळेलच असं नाही. इथला लगेच मिळतो. तुला घरीच जायचंय ना?" पडद्याखालून एक कागद आत आला, मागोमाग शाईची डबी. तिनं अंगठा उमटवला. पडदानशीन बाई म्हणून फोटोही लागला नाही.

त्या पासपोर्टावर ती त्रेपन्न साली घरी आली. चांदभाईंनी दारातच तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मुलाचं नाव न घेता आत वळले. हसीना तिला बिलगली नाही. तिनं दुरून आईच्या रिकाम्या मनगटांकडे पाहिलं आणि म्हणाली, "तू बांगड्या कुठं ठेवल्यास?"

परवानगी थोड्या महिन्यांची होती. ती संपत आली की चौकीचा जमादार ज्योतीराम मुदत वाढवून घेण्याचा फॉर्म स्वतः पुण्याहून घेऊन यायचा, स्वतःच भरायचा. ओसरीवर बसून चहा घ्यायचा. शाईची डबी पुढं सरकवायचा. "लावा भाभी अंगठा, म्हंजे पुढली काळजी मिटली." ती हात पुढं करायची, बांगड्या भरायला बायका करतात तसा. सही येते का हे त्यानं कधी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. कागदावर काय आहे हे तिनं विचारलं नाही, त्यानंही वाचून दाखवलं नाही. तिला वाटायचं, आपण घरी आलोय याची ही पोच आहे.

मग सत्तावन्न साली कायदा बदलला आणि ज्योतीराम एका सकाळी फॉर्म न आणता नोटीस घेऊन आला. चहा नको म्हणाला. उभ्यानंच वाचून दाखवली. तिनं पुढच्या महिनाअखेरीच्या आत देश सोडायचा होता.

"कुठं जायचं?" तिनं विचारलं.

"तुमच्या देशात," ज्योतीराम वाचत होता त्याच आवाजात म्हणाला, आणि मग त्याला ते ऐकू आलं असावं. तो खाली बघत राहिला. "भाभी, मी आजून खटपट करतो. आजून एक फॉर्म आणतो बघा."

हसीना चुलीपाशी बसली होती. ती इथं जन्मलेली, इथंच राहिलेली. तिला कुठं जायची गरज नव्हती, आणि जायची परवानगीही नव्हती.

चांदभाई वकील शोधायला निघाले. त्यांना एका डोळ्यानं दिसायचं बंद झालं होतं, दुसऱ्यानं धूसर. तरी ते मोटारीनं पुण्याला जायचे, कोर्टाच्या आवारात एकेका टेबलापुढं उभे राहायचे. नेमकी कूळकायद्याची धामधूम. जिल्ह्यातला प्रत्येक वकील जमिनीच्या कागदांत मानेपर्यंत बुडालेला.

"काय झालं?" संध्याकाळी ताजुन्निसानं विचारलं.

"पहिल्यानं विचारलं, तुमचं कूळ आहे का. मी म्हटलं, साहेब, कूळ नाही, सून आहे." चांदभाई हसले, आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "दुसरा म्हणाला, अटक झाली की या. तिसरा भला होता. त्यानं बसायला सांगितलं. म्हणाला, मुदतीचा अर्ज करा परत, दुसरं काही होत नाही. चौथ्यानं पासपोर्ट हातात घेतला आणि असा ठेवला, ओला असल्यासारखा."

ती स्वतः जाऊ शकत नव्हती. पुणे तिच्या कागदावर नव्हतं. तिच्यासाठी बोलणारा माणूस जिथं मिळेल त्या प्रत्येक जागेच्या आणि तिच्या मध्ये तो ओढा होता.

वाट दाखवली ती छबूबाईनं. छबूबाई पिंपरीची, शेतकऱ्याघरची. तिच्या दिराचं एक रान पेनिसिलीनच्या कारखान्याच्या रस्त्यात गेलं होतं. बाभळीखाली हात पुढं करून बसली असताना ती म्हणाली, "आमच्या रानाचं काम त्या सिंध्यानं केलं बघ. क्यांपातला वकील हाय, हुतचंद का काय. निर्वासितांचं समदं कागद त्योच करतो. हिकडचं तिकडचं, परमिट, पासपोर्ट, समदं ठावं हाय त्याला."

"कुठला आहे?"

"कुठला म्हंजे? कराचीचाच की."

ताजुन्निसाचा हात थांबला. पिंपरीच्या कॅम्पात, लष्कराच्या जुन्या बराकींत, सिंधमधून आलेली माणसं राहत होती. घरंदारं तिकडं टाकून आलेली. छबूबाईनं घरी येऊन चांदभाईंनाही ते सांगितलं. ते म्हणाले, "त्या दारात कोणत्या तोंडानं जायचं, बेटी? त्यांची घरं ज्यांनी घेतली त्यांच्या शिक्क्याचा कागद घेऊन?"

"तुमी नका जाऊ," छबूबाई म्हणाली. "मला तोंड हाय."

ती गेली आणि दुसऱ्या दिवशी परत आली. ओढ्याच्या पलीकडूनच सांगायला लागली. "न्हाई म्हनत न्हाई, पर व्हयबी म्हनत न्हाई. म्हनतो, पक्षकार म्होरं बसल्याबिगर मी कागदाला हात लावत न्हाई. माझी रीतच हाय. म्या म्हनलं, तिला यायची बंदी हाय, तुमीच चला. तर म्हनतो," इथं ती अडखळली, "म्हनतो, कराचीच्या बाईच्या उंबऱ्याला मी जानार न्हाई."

ताजुन्निसानं बांगड्यांची माळ टोपलीत ठेवली. तिच्यावरून दोन वेळा हात फिरवला. कराचीची बाई. तिला कुणी असं म्हणालं नव्हतं. नोटीशीतही नाही, तिथं नुसता देश होता.

ती उठली, लुगडं घोट्यापासून जरा उचललं, आणि ओढा ओलांडला. छबूबाई बाजूला सरली. पाणी नव्हतंच, चार गोटे होते. पलीकडच्या मातीवर उभं राहून तिनं टोपलीकडे हात केला. "आण ती," ती छबूबाईला म्हणाली. "रिकाम्या हातानं गेले तर जास्त उठून दिसेन."

कॅम्पाच्या बराकी लांबलचक होत्या, गोणपाटाच्या भिंती घालून एकेकीची आठ आठ घरं केलेली. बाहेर खाटांवर पापड वाळत होते. होतचंद वकिलांच्या खोलीत मधोमध पडदा होता. अलीकडे टेबल आणि वर्तमानपत्राची वेष्टनं घातलेली पुस्तकं, पलीकडे कुणीतरी म्हातारं माणूस खोकत होतं. वकील पन्नाशीचे होते. कोर्टाचं मराठी बोलायचे, मध्येच हिंदी. त्यांनी टोपलीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"बसा, बीबी. बंदी आहे ना तुम्हाला?"

"आहे."

"मग आलात ते कळलं तर अटक होईल. माहीत आहे?"

"तुम्ही बोलावलंत," ती म्हणाली.

त्यांनी पासपोर्ट उघडला. त्या रंगाच्या, त्या शिक्क्याच्या कागदाला सवय असल्यासारखी त्यांची बोटं पानांवरून गेली. पण पहिला प्रश्न पासपोर्टाचा नव्हता.

"कराचीत कुठं राहत होता?"

"दिराच्या घरी."

"ते झालं. मोहल्ला कोणता? जवळ काय होतं? ट्राम होती का?"

"घंटा ऐकू यायची."

"कोणत्या बाजूनं?"

तिनं आठवून पाहिलं. "ते नाही सांगता येत. सगळ्याच बाजूंनी यायची."

"बाजार? घड्याळाचा मनोरा पाहिला असेल. लांबूनही दिसतो तो." ते जरा पुढं झुकले होते. "समुद्र तरी?"

"जहाजातून उतरले तेव्हा होता. चढले तेव्हा होता."

"आणि मध्ये?"

"मध्ये भिंत होती," ताजुन्निसा म्हणाली. "मी इद्दतीला होते. नंतरही कागद येईपर्यंत बाहेर पडायला कारण नव्हतं. भिंतीवर ओलीचा डाग होता. आमच्या पवनेला चिंचवडाशी वळण आहे ना, तसा."

होतचंद मागं टेकले.

"दहा वर्षं झाली," ते म्हणाले. "तिकडून आलेलं कुणी भेटलं की मी विचारतो. माझ्या गल्लीत एक कडुनिंब होता, तो आहे का. कुणी सांगतं आहे, कुणी सांगतं नाही, खोटंही सांगत असतील. तुम्ही पहिल्या आहात. तिथल्या नागरिक, आणि तुम्हाला शहरच माहीत नाही." ते हसले नाहीत. "आता वकील म्हणून विचारतो. पडद्याखालून कागद आला, तेव्हा तुम्ही नको का म्हणाला नाहीत?"

"नको म्हणाले असते तर घरी कशी आले असते?"

"हं. हेच उत्तर कोर्टात द्याल?"

"खरं आहे ते."

"खरं आहे म्हणूनच विचारतो. कायदा म्हणतो, स्वतःच्या इच्छेनं दुसऱ्या देशाचा पासपोर्ट घेतला की माणूस इथला राहत नाही. सरकारी वकील विचारील, बाई, घरी यायची इच्छा होती? तुम्ही हो म्हणाल. तो म्हणेल, मग कागद इच्छेनंच घेतला. झालं."

घरी यायची इच्छा हाच पुरावा होता की ती घरची नाही. बांगडी पेरांवर अडकावी तसं ते वाक्य तिच्यात अडकून राहिलं. पुढंही जाईना, मागंही येईना.

"आणि हे?" त्यांनी मुदतवाढीच्या नकला पुढं सरकवल्या. "प्रत्येकावर छापलंय, ‘मी पाकिस्तानची नागरिक’. खाली तुमचा अंगठा. कुणी भरले?"

"ज्योतीराम जमादारांनी. भल्यासाठी भरले."

"त्यांनी वाचून दाखवले?"

"नाही."

"तुम्ही विचारलं?"

"नाही."

"मग ऐका. परत असा अर्ज केलात तर कदाचित काही महिने मिळतील. नंतर परत, नंतर परत, जोवर वरच्या साहेबाची मर्जी आहे तोवर. मर्जी संपली की जहाज, आणि मग मी काय, कुणीच काही करू शकणार नाही. अर्ज नाही केला तर मी दावा लावीन की ही बाई इथलीच आहे. पण कोर्टानं वेळेत मनाई दिली नाही तर त्याच तारखेला उचलून नेतील. त्यात तुम्ही आज ओढा ओलांडलाय. दोन्हीकडे खड्डा आहे. कुठल्या खड्ड्यात उभं राहायचं ते तुम्ही सांगा."

खाटेवरच्या पापडांना वारा लागत होता. छबूबाई दारात बसली होती, तिनंही मान वर केली.

"अर्ज नको," ताजुन्निसा म्हणाली.

होतचंदनी वकीलपत्र काढलं. तिनं सवयीनं अंगठा पुढं केला. त्यांनी शाईची डबी उचलून खाली ठेवली. "अंगठा नको. लिहिता येतं?"

तिनं टाक हातात घेतला. शाळा सुटल्यापासून तिनं नाव लिहिलं नव्हतं. अक्षरं मोठी आली, ओळ चढत गेली. ताजुन्निसा फारूक मणियार, राहणार चिंचवड. वकील ते वाळेपर्यंत बघत राहिले.

"तुमची फी?" तिनं विचारलं.

"तुमच्या धंद्यात कधी घेता?"

"बांगडी पेरांपलीकडे गेली की."

"मग माझीही तेव्हाच," ते म्हणाले.

परतताना ओढ्याशी ज्योतीराम उभा होता. सायकल बाभळीला टेकवलेली. त्यानं तिला पलीकडच्या काठावर पाहिलं आणि तोंड फिरवून उभा राहिला, ती अलीकडे येईपर्यंत.

"मी काय बघितलं न्हाई," तो म्हणाला. मग खिशातून घडी काढली. "साहेबाच्या पाया पडून आणलाय फॉर्म. म्हनले, यंदा शेवटचा. लावा अंगठा भाभी, शाई हाय माज्याकडं."

"नाही, भाऊ. आता अंगठा नाही."

"म्हंजे?"

तिनं सांगितलं. त्यानं फॉर्मची घडी परत घातली. मग तो हळू म्हणाला, "म्हंजे मी भरलं म्हून तुमी अडाकला व्हय?" तिनं टोपली बाभळीखाली उतरवली. "आनि आता ह्ये मी कोर्टात सांगायचं. जमादारानं न वाचता फॉर्म भरलं. माजी नोकरी, भाभी."

"मी मागत नाही," ती म्हणाली. "वकील मागतील."

छबूबाई पलीकडून म्हणाली, "सांग की जमादार. च्या पितावेळी लई ग्वाड लागत हुता."

ज्योतीराम सायकलवर बसला नाही, हातात धरून चालत गेला.

दावा लागला. नोटीशीची तारीख जवळ येत गेली. ताजुन्निसा हसीनाला भाकरी थापायला शिकवत होती, चुलीतला विस्तव राखेखाली कसा जपायचा ते शिकवत होती, आणि दोघींपैकी कुणीही कशासाठी ते बोलत नव्हतं. एकदा हसीनाच म्हणाली, "आजोबांना भाकरी मऊ लागते, मला माहीत आहे. तू नको सांगूस." चांदभाई ओसरीवर बसून रस्त्यावरच्या प्रत्येक पावलाकडे कान लावायचे.

कोर्टाच्या दिवशी तिला शिपायाबरोबर पुण्याला नेलं. सरकारी वकिलानं तोच प्रश्न विचारला. घरी यायची इच्छा होती का? ती हो म्हणाली. होतचंदनी खाली बघितलं, पण त्यांना दुसऱ्या उत्तराची अपेक्षा नव्हती. मग त्यांनी तिला विचारलं, कराचीत काय काय पाहिलंत, आणि तिनं भिंत सांगितली. पवनेच्या वळणासारखा डाग सांगितला. कोर्टात कुणीतरी हसलं. न्यायाधीश हसले नाहीत.

शेवटी ज्योतीरामला पुकारलं. तो गणवेशात आला होता. होतचंदनी विचारलं, "तुम्ही हे फॉर्म बाईंना वाचून दाखवले होते?"

"न्हाई साहेब."

"त्या कोणत्या देशाच्या, हे विचारलं होतं?"

ज्योतीराम टोपी हातात फिरवत राहिला. "इचारायचं काय साहेब? मला ठावं हुतं, त्या हितल्याच हायेत. माज्या बायकोच्या हातात त्यांनीच बांगड्या भरल्या. हितलं मानूस हितंच ऱ्हावं म्हून तर मी फॉर्म भरलं."

लेखनिकानं ते लिहून घेतलं. होतचंदना त्याहून चांगली साक्ष मिळणार नव्हती, आणि कायद्याला ती पुरणारही नव्हती. न्यायाधीशांनी हुकूम दिला: ही बाई कुठल्या देशाची, हे ठरवण्याचा अधिकार दिल्लीचा आहे. तिथून निर्णय येईपर्यंत तिला देशाबाहेर काढू नये. तोवर तिनं चिंचवडची हद्द सोडू नये.

बाहेर आल्यावर चांदभाईंनी वकिलांचा हात दोन्ही हातांत घेतला. "राहिली ना? राहिली ना आमची?"

"राहिली," होतचंद म्हणाले, आणि ताजुन्निसाकडे पाहणं त्यांनी टाळलं. "ओढ्याच्या अलीकडे."

ज्योतीरामची बदली चाकणला झाली. साक्षीमुळं की नेहमीची, ते कळलं नाही. जायच्या आधी तो चहाला आला. ताजुन्निसानं त्याच्या बायकोसाठी हिरव्या बांगड्या दिल्या. नव्या जमादाराला गावातलं कुणी माहीत नव्हतं. तो दर सोमवारी तिला चौकीवर बोलवायचा आणि आहे का ते बघायचा.

दिल्लीहून काही आलं नाही. होतचंद पत्रं पाठवत राहिले. अधूनमधून ते स्वतः यायचे, ज्या उंबऱ्याला येणार नाही म्हणाले होते त्याच उंबऱ्याशी खुर्ची टाकून बसायचे. "अजून नाही," म्हणायचे. मग चहा निवत असताना विचारायचे, "तिकडचं अजून काही आठवलं का?" ताजुन्निसा काही ना काही शोधून द्यायची. गाढवाच्या गाडीला घुंगरं असायची. पहाटे कुणीतरी पाणी ओतल्याचा आवाज यायचा. ते ऐकून घ्यायचे आणि कॅम्पात परत जायचे. फी त्यांनी घेतली नाही. बांगडी अजून पेरांवरच होती.

एकोणसाठच्या वैशाखात छबूबाईच्या मुलीचं, विमलचं लग्न ठरलं. नवरा मारुंजीचा. छबूबाई सांगायला आली आणि बाभळीखाली बसून राहिली. "चुडा तूच भरायचा. माजा तूच भरलास, माज्या सासूचा चांदभाईंनी. दुसरी मणियारीण मी दारात घेनार न्हाई."

"मांडवात कशी येऊ?"

"व्हय. आनि मुहूर्तमेढ रवल्यावर नवरीनं शीव वलांडायची न्हाई. मला समदं ठावं हाय." तिनं पदरानं मान पुसली. "म्हून तर बसलीया इचार करत."

लग्नाच्या आदल्या सकाळी पिंपरीच्या बाजूनं बायका आल्या, मधोमध हळद लागलेली विमल. ओढा कोरडा पडला होता. छबूबाईनं शिवेच्या दगडापलीकडे गोणपाट टाकलं आणि मुलीला बसवलं. अलीकडे ताजुन्निसा बसली. विमलनं दगडावरून हात पुढं केले. पिवळे, उटण्याचा वास येणारे. ताजुन्निसानं ते आपल्या मांडीवर घेतले आणि दाबू लागली.

"तुझी सासू कशी आहे गं?"

"अजून नीट बघितली न्हाई," विमल म्हणाली, आणि बायका हसल्या.

हिरव्या काचा एकामागून एक मनगटावर गेल्या. शेवटची तेवढी पेरांशीच तडकली. तुकडे दगडाच्या पलीकडे, विमलच्या मांडीशी पडले. ताजुन्निसाचा हात ते उचलायला गेला आणि दगडाशी थांबला. कुणी जमादार तिथं नव्हता. तरी थांबला.

"वाढली," छबूबाई म्हणाली. तिनं तुकडे वेचले, आणि दगडावरून हात लांब करून ताजुन्निसाच्या ओंजळीत घातले. "घे. तुजं नुकसान."

ताजुन्निसानं ते पदराच्या टोकाला बांधले, दुसरी बांगडी घेतली आणि विमलचा हात पुन्हा दाबायला लागली. बांगडी गेली. विमल उठली, तिनं दगडाशी वाकून नमस्कार केला, आणि बायका तिला घेऊन वळल्या.

दुसऱ्या दिवशी वाजंत्री वाजत होती. ताजुन्निसा बाभळीखाली टोपली घेऊन बसली होती. वरात निघाली असेल, कॅम्पावरून जाईल, मग मारुंजीच्या वाटेला लागेल. त्या वाटेचं प्रत्येक झाड तिला माहीत होतं. आवाज मात्र कोणत्या बाजूनं येतोय ते सांगता येईना. वाऱ्यावर तो सगळ्याच बाजूंनी येत होता, भिंतीपलीकडून ट्रामची घंटा यायची तसा.